स्वयंपाकघरातला बसचा आरसा

ओन्नी कांगासने छत्तीस वर्षं शाळेची बस चालवली आणि त्या छत्तीस वर्षांत त्याची बस एकदाही रस्ता सोडून खाली गेली नाही. उत्तरेकडच्या, सरोवराकाठच्या बीअर क्रीक गावात ही साधी गोष्ट नव्हती. नोव्हेंबरात पडलेला बर्फ तिथे एप्रिलपर्यंत हलत नाही, आणि सरोवरावरून वारा सुटला की रस्ता कुठे संपतो नि कुरण कुठे सुरू होतं हे नुसतं टपालपेट्यांवरून ताडायचं. ओन्नी बरोबर ताडायचा. बोलायला मात्र महाकंजूष. त्याची बायको लेम्पी म्हणायची, ह्याच्या तोंडातून शब्द काढण्यापेक्षा खाणीतून तांबं काढणं सोपं. लेम्पीला जाऊन चार वर्षं झाली होती. शेवटचे अडीच महिने तिने इस्पितळात काढले. तिला पोचवून घरी आल्यावर ओन्नीने मनाशी ठरवून टाकलं, की आता इस्पितळाची पायरी चढायची ती दुसऱ्यांनी उचलून नेलं तरच.

त्याची एकुलती एक मुलगी जनेल नुकतीच बापाजवळ राहायला आली होती. तिचा नवरा डेल लोहखनिज वाहणाऱ्या बोटीवर कामाला. वर्षातले दहा महिने तो पाण्यावर. एकटीने वेगळं घर कशाला चालवायचं, आणि म्हातारा तरी एकटा डबाबंद सूप किती दिवस पिणार, असा दुहेरी विचार करून ती आली. पुढच्याच डिसेंबरात तिला मुलगी झाली. तिचं नाव सिल्वी.

सिल्वी नऊ दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. सकाळची फेरी मारून ओन्नी घरी आला, हात शेकून घेतले आणि नातीच्या पायातला निसटलेला मोजा चढवायला वाकला. पाय गार होता. त्याने दुसरा पाय पाहिला. तोही गार, आणि रंगाला थोडा निळसर. मग त्याने तिचे हात धरून पाहिले. हात गरम, गुलाबी.

"हिचे पाय गार आहेत," तो म्हणाला.

"बाबा, डिसेंबर आहे," जनेल म्हणाली. रात्रभर जागून ती अर्धमेली झाली होती. तीन दिवस पोरगी दूधही धड पीत नव्हती.

"हात गरम आहेत."

एवढंच बोलून त्याने गाडी सुरू केली. गावातल्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती, पण हुशार. तिने बाळाच्या जांघेत बोट ठेवून नाडी शोधली, पुन्हा शोधली, आणि मग फोनकडे वळली. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी, जी वळसा घेऊन खाली पोटाकडे, पायांकडे जाते, ती सिल्वीच्या बाबतीत वळणावर तुटलेलीच होती. जन्माआधीची एक छोटी वाट उघडी होती म्हणून खाली थोडंफार रक्त पोचत होतं, आणि ती वाटही आता बंद होऊ लागली होती. दवाखान्यातली औषधं ती वाट फार तर दोन-तीन दिवस उघडी ठेवणार. ऑपरेशन व्हायला हवं होतं, आणि ते पुलापलीकडे, खाली शहरात.

छोट्या विमानात बाळाबरोबर एकालाच जागा होती. जनेल गेली. ओन्नीने तिच्या कपड्यांची पिशवी भरली, शाळेत फोन करून बस दुसऱ्याच्या हवाली केली आणि आपला पिकअप काढला. नऊ तासांचा रस्ता. पाच मैलांच्या पुलावर वाऱ्याने गाडी अशी हलत होती की इतर वेळी तो जीव मुठीत धरून बसला असता. त्या दिवशी त्याचं ना तिकडे लक्ष होतं, ना इस्पितळाची पायरी न चढायच्या आपल्या निश्चयाकडे. पाय गार, हात गरम, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. तीन दिवस आधी आपण मोजे का काढून पाहिले नाहीत, हे त्याला राहून राहून डाचत होतं.

शल्यविशारद बाई होत्या, डॉ. हॅलोरन. ठेंगण्या, पिकलेल्या केसांच्या, पायात लाकडी तळव्यांचे बूट. त्यांनी कागदावर हृदय काढून दाखवलं. शरीर थंड करायचं, हृदय थांबवायचं, तुटलेली दोन टोकं जोडायची, मधलं एक भोक बुजवायचं आणि मग सगळं पुन्हा चालू करायचं. आठ तास लागतील. धोका किती, हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं. जनेलने सही केली. डेल अजून बोटीवरून उतरायचा होता. तो दुसऱ्या दिवशी, ऑपरेशन चालू असतानाच, कुठल्यातरी बंदरात उतरून, दोन ट्रकवाल्यांच्या मेहरबानीने येऊन पोचला.

आठाचे साडेनऊ तास झाले. डॉ. हॅलोरन बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. जोडणी झाली होती. हृदय चालू झालं होतं. सूज आहे म्हणून छाती मात्र दोन-तीन दिवस उघडीच ठेवावी लागेल, त्यावर नुसतं झाकण असेल, असं त्या म्हणाल्या. डेलने जनेलला जवळ घेतलं. ओन्नी पुढे झाला. त्याने एकच प्रश्न विचारला.

"रक्त किती जणांचं लागलं?"

बाई जरा चकित झाल्या. हा प्रश्न त्यांना सहसा कोणी विचारत नसावं. त्यांनी आत जाऊन विचारून येऊन सांगितलं, आत्तापर्यंत चौदा. ओन्नीने मान डोलावली. चौदा माणसं. कुठल्यातरी गावात, कुठल्यातरी हॉलमध्ये बाही वर करून पडलेली, आणि आपण कोणासाठी पडलो आहोत हे ज्यांना कधीच कळायचं नाही अशी चौदा माणसं. सात पौंडांच्या पोरीसाठी.

छाती तिसऱ्या दिवशी बंद केली. आठव्या दिवशी घशातली नळी काढली. परिचारिकेने जनेलला आधीच सांगून ठेवलं होतं, आता ती रडेल, घाबरू नका, रडणं चांगलं. नळी निघाली. सिल्वीचं तोंड उघडलं, चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला, मुठी थरथरल्या, जीभ मागे गेली. आणि आवाज आला नाही. पोरगी जीव तोडून रडत होती आणि खोलीत फक्त यंत्रांची टिकटिक ऐकू येत होती.

जनेल बाहेर निघून गेली. ओन्नीने पाळण्याच्या कठड्यातून हात घालून एक बोट त्या मुठीत दिलं आणि तिचं रडणं संपेपर्यंत तिथून डोळे हलवले नाहीत. ऐकू येत नसेल तर निदान कोणीतरी पाहायला हवं, असं त्याला वाटलं.

आवाजाची एक शीर नेमकी त्याच रक्तवाहिनीखालून वळून वर घशात जाते, हे मग डॉ. हॅलोरननी समजावलं. जोडणीत ती ताणली जाते, कधी कधी कितीही जपलं तरी. डावा स्वरतंतू त्यामुळे लुळा पडला होता. सुधारेल कदाचित, महिन्यांनी, वर्षांनी. कदाचित तो तसाच राहील आणि उजवा त्याच्याकडे झुकायला शिकेल. तोपर्यंत आवाज नाही, आणि दूधही गिळता यायचं नाही, ते फुफ्फुसात जाईल. पोटात थेट नळी बसवावी लागेल. "मला वाईट वाटतं," असं त्या म्हणाल्या. त्यावर ओन्नी म्हणाला, "बाई, ती आहे ना. बाकीचं बघू."

फेब्रुवारीत सिल्वी घरी आली. सात आठवड्यांची, पोटावर बटणासारखी नळीची तोटी, आणि छातीवर गळ्यापासून खाली उतरलेली लाल रेघ. आता खरा प्रश्न होता तो वेगळाच. बाकीच्यांच्या घरी बाळ रडलं की आई धावते. इथे बाळ रडलं तर कळणार कसं? जनेलने पहिले चार दिवस तिला मांडीवरून खाली ठेवलंच नाही. जेवण उभ्याने, अंघोळ नाही, झोप बसल्या बसल्या. पाचव्या दिवशी ओन्नी दुपारच्या फेरीनंतर बस उभी करायला गेला आणि गॅरेजमधल्या मिस्त्रीला, जॅक ट्रेमेनला म्हणाला, "जुने आरसे आहेत?"

शाळेच्या बसमध्ये चालकाच्या डोक्यावर एक लांबट फुगीर आरसा असतो. त्यात मागच्या बाकापर्यंतचं प्रत्येक पोर दिसतं. सत्तावीस वर्षं ओन्नीने तो आरसा वाचला होता. कोणाला मळमळतंय, कोण कोणाला चिमटा काढणार, कोण घरून रडून आलंय, हे त्याला आवाजाशिवाय कळायचं. जॅकने भंगारातल्या चार बसचे आरसे काढून दिले, आणि संध्याकाळी स्वतःच हत्यारं घेऊन हजर झाला. एक आरसा चुलीवरच्या भिंतीला, एक बोळात वळणावर, एक न्हाणीघराच्या दाराशी, एक धुण्याच्या यंत्रावर. पाळणा मधल्या खोलीत. काम झाल्यावर जनेल चुलीपाशी उभी राहिली आणि वर पाहिलं. आरशात सिल्वी झोपलेली दिसत होती, माशाच्या डोळ्यातून पाहावी तशी वाकडी, पण पुरती, नाकाच्या शेंड्यासकट. जनेल त्या दिवशी सव्वा तास अंघोळ करत होती.

गावाला चेष्टेला विषय मिळाला. ओन्नीला दाढी करायला धड आरसा नाही आणि स्वयंपाकघरात बसचे चार, असं जो तो म्हणायचा. ओन्नी ऐकून घ्यायचा. डेल पुन्हा बोटीवर गेला आणि जनेल बेकरीत दहा ते तीन कामाला जाऊ लागली. सकाळची फेरी संपली की दुपारच्या फेरीपर्यंत नात आजोबांच्या ताब्यात. अडीचला शेजारची आउने येऊन बसायची, जनेल परत येईपर्यंत. नळीतून दूध कसं सोडायचं, नळी कशी धुवायची, तोटी निघाली तर काय करायचं, हे सगळं ओन्नी बसच्या तपासणीसारखं यादी करून शिकला. कागद फ्रिजवर चिकटवला. अकरा पायऱ्या होत्या. सहा महिन्यांनी कागद तेलकट होऊन गळून पडला तरी त्याचं बोट हवेत एकेक पायरी मोजत राहायचं.

वजन वाढायला तयार नव्हतं. आठवड्याला चार औंस म्हणजे सण. दोन औंस म्हणजे घरात सुतक. वर्षाची झाली तरी सिल्वी सहा महिन्यांच्या बाळाएवढी दिसायची, पण डोळे असे टपोरे आणि पाळतीवर, की आरशातून आपणच तिला पाहतोय की ती आपल्याला, असा ओन्नीला प्रश्न पडायचा. ती हसायची तीही बिनआवाजाची. खांदे उडायचे, पोट हलायचं, आणि सोबत वाऱ्याची एक बारीक फुंकर.

पंधरवड्यातून एकदा गिळणं शिकवणारी बाई यायची. मरीटा तिचं नाव. दोन तास गाडी चालवून यायची आणि ओन्नीने दिलेली कॉफी उभ्यानेच प्यायची. चौदाव्या महिन्यात शहरातल्या तपासणीत दिसलं की पातळ पदार्थ अजून चुकीच्या वाटेने जातोय, पण घट्ट आणि गुळगुळीत असेल तर सिल्वी गिळू शकते. मरीटाने पातळ पदार्थ घट्ट करायची पूड आणली. दूध घट्ट झालं, पण सिल्वीने ते जिभेने बाहेर ढकललं. सफरचंदाचा गर ढकलला. रताळं ढकललं. तीन आठवडे तोंडातून एक चमचा आत गेला नाही. मरीटा म्हणाली, तिला तोंड म्हणजे नळ्या घालायची जागा एवढंच माहीत आहे. तिला कारण द्यायला हवं.

हे आउनेने ऐकलं. आउने लेम्पीची जुनी मैत्रीण, चर्चमध्ये कॉफीची किटली सांभाळणारी, पंच्याहत्तरीची. दुसऱ्या दिवशी ती रुमालाने झाकलेला वाडगा घेऊन आली. आत विली होती. विली म्हणजे आजे-पणजे समुद्रापलीकडून घेऊन आले ते त्यांचं दही. पण आपल्या दह्यासारखं फुटत नाही. चमचा उचलला की रेशमाच्या दोरीसारखं लांबत येतं. लेम्पी दर दोन दिवसांनी लावायची. तिच्या सासूने ते विरजण कपड्याच्या चिंधीत वाळवून जहाजातून आणलेल्या कोणाकडून तरी मिळवलेलं होतं. लेम्पी इस्पितळात असताना ओन्नीने ते कसंबसं जपलं, पण ती गेल्यावर दोन आठवडे फ्रिज उघडलाच नाही आणि विरजण मेलं. ही गोष्ट त्याने कोणाला सांगितली नव्हती.

"हे तिचंच आहे," आउने म्हणाली. "मी नेलं होतं तिच्याकडून, ती आजारी पडली त्या आधी. तुला सांगणार होते. पण तू विचारलं नाहीस आणि तुझं तोंड पाहून मला धीर झाला नाही."

मरीटाने विली चमच्यातून सोडून पाहिली, किती वेळात पडते ते पाहिलं, आणि म्हणाली की मी पूड घालून जे करायला बघतेय ते हे आपोआप आहे. चमच्याचं टोक सिल्वीच्या ओठाला लावलं. ओठावरून विलीची तार लोंबली. सिल्वीने ती तार बोटाने धरली, ओढली, बोट तोंडात घातलं. मग थांबली. ओन्नी वर आरशात पाहत होता, समोर पाहायची त्याची हिंमत नव्हती. सिल्वीच्या गळ्याची घाटी हलली. ती खोकली नाही. तिने दुसऱ्यांदा बोट बुडवलं.

त्या दिवशी तीन चमचे गेले. ओन्नी गोठ्याकडे काहीतरी बघून येतो म्हणून बाहेर गेला. घराला गोठा नव्हता. जनेलने आणि आउनेने एकमेकींकडे पाहिलं आणि त्याला जाऊ दिलं.

पुढची दोन वर्षं विलीने पोरगी उभी केली. अडीच वर्षांची झाली तेव्हा पोटातली नळी निघाली. सिल्वी चालायला लागली, पडायला लागली, सरोवराच्या थंडगार पाण्यात पाय बुडवून बाहेर पळायला लागली. सौनाच्या वाफेच्या खोलीतून बाहेर आली की तिच्या छातीवरची रेघ गुलाबी उजळायची आणि ती पाहुण्यांना बोट लावून दाखवायची, इथून मला उघडलं होतं. हेही ती कुजबुजीतच सांगायची. बोलायला लागली होती ती, पण ओन्नीला ते बोलणं म्हणजे कागद चुरगळल्यासारखं ऐकू यायचं. तो खाली वाकायचा, कान तिच्या तोंडाशी न्यायचा. लोक म्हणायचे, आवाज छान सुटतोय तिचा. ओन्नीला वाटायचं, बिचारे चांगुलपणाने बोलताहेत.

त्याच काळात त्याने आणखी एक गोष्ट केली. त्याला सुईची भीती होती. साधीसुधी नाही. सैन्याच्या तपासणीत तो सुई पाहूनच आडवा झाला होता, आणि ती गोष्ट गावात अजून चवीने सांगितली जायची. लुथरन चर्चच्या हॉलमध्ये दर दोन महिन्यांनी रक्तदानाची गाडी यायची. एका मार्चमध्ये ओन्नी रांगेत जाऊन उभा राहिला. बिस्किटांच्या टेबलामागे आउने होती. तिने त्याला पाहून किटली खाली ठेवली. त्या दिवशी तो दोनदा बेशुद्ध पडला, एकदा सुईआधी आणि एकदा नंतर, पण पिशवी भरली. मग दर दोन महिन्यांनी जाऊ लागला. तिसऱ्या वेळेपासून बेशुद्ध पडणं बंद झालं. घामाने भिजणं मात्र शेवटपर्यंत राहिलं.

पाचव्या वर्षी सिल्वी शाळेत जाऊ लागली, अर्थातच आजोबांच्या बसमधून. चालकामागचं पहिलं बाक तिचं, हे ओन्नीने स्वतःच ठरवून टाकलं होतं. मागे पोरं दंगा करतात. तिथे ही काही म्हणाली तर कोणाला ऐकू येणार? दीड महिना ती मुकाट्याने पुढे बसली. ऑक्टोबरात एका सकाळी तिने दप्तर उचललं आणि सरळ मागे निघाली.

"सिल्वी, पुढे," ओन्नी म्हणाला.

ती परत आली. त्याच्या शेजारी उभी राहून काहीतरी बोलली. तो वाकला. ती पुन्हा बोलली. मग तिने दोन्ही हातांनी त्याचा कान धरला, तोंड अगदी आत घातलं आणि म्हणाली, "उक्की, मागे सगळ्यांना माझं ऐकू येतं. तुलाच येत नाही."

त्यांच्यात आजोबाला उक्की म्हणतात. ओन्नीने आरशात पाहिलं आणि सवयीने ओठ वाचले. मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, काय म्हणाली सिल्वी? तर दुसरी म्हणाली, म्हणाली उक्कीला ऐकू येत नाही. बारा बाकं मागे. एंजिन चालू असताना.

सिल्वी मागे जाऊन बसली. त्या दिवशी त्याने बस इतकी सावकाश चालवली की शाळेची घंटा होऊन गेली.

बसचालकाची दरवर्षी तपासणी होते. त्यात डॉक्टर पाठीमागे पाच फुटांवर उभे राहून कुजबुजत आकडे म्हणतात आणि चालकाने ते परत म्हणायचे. गावचे म्हातारे डॉक्टर ओन्नीचे मासेमारीचे सोबती होते. ते समोरच्या काचेत दिसतील असे उभे राहायचे, आणि ओन्नी आकडे ओठांवरून वाचायचा. लेम्पी दहा वर्षं त्याच्या मागे लागली होती, कानाचं यंत्र लाव म्हणून. तो म्हणायचा, ऐकण्यासारखं कोण बोलतंय? आता तो आपण होऊन त्या तरुण डॉक्टरणीकडे गेला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. ती मागून कुजबुजली. ओन्नीला पंख्याची घरघर ऐकू आली. बाकी काही नाही.

यंत्रं बसवायला जनेल बरोबर गेली होती. परत येताना रस्त्याच्या खडीचा आवाज ऐकूनच तो दचकत होता. घरी आले तेव्हा सिल्वी स्वयंपाकघरात टेबलाखाली बसून बाहुलीला रागवत होती. ओन्नी दारातच थांबला. कागद चुरगळल्याचा आवाज नव्हता तो. घोगरा होता, थोडा फाटका, खालच्या पट्टीतला, वाक्याच्या शेवटी हवा निसटणारा, पण आवाज होता. अख्खा, खोलीभर पोचणारा माणसाचा आवाज. बाहुलीने दूध सांडलं होतं आणि तिला कडक शब्दांत समज मिळत होती.

"कधीपासून अशी बोलते ही?" त्याने जनेलला विचारलं.

जनेलने बापाकडे पाहिलं. "दोन वर्षं झाली, बाबा," ती हलकेच म्हणाली. "आम्हाला वाटलं तुला माहीत आहे."

दोन वर्षं. तो आपल्या नातीच्या मुकेपणावर झुरत बसला होता आणि पोरगी समोर बसून बोलत होती. दुसरा कोणी असता तर त्याला त्या दोन वर्षांचं वाईट वाटलं असतं. ओन्नीलाही वाटलं, पण ते नंतर. त्या क्षणी तो गुडघ्यांवर बसला, म्हाताऱ्या हाडांची कुरकुर ऐकत टेबलाखाली सरकला आणि म्हणाला, "काय केलं बाहुलीने? सगळं पहिल्यापासून सांग."

सिल्वीने सांगितलं. पाऊण तास सांगितलं.

त्यानंतर ओन्नी बदलला असं गावात म्हणतात. बडबड्या झाला नाही, पण विचारायला लागला. लोकांना थांबवून विचारायचा आणि उत्तर ऐकत उभा राहायचा. जॅक ट्रेमेन म्हणायचा, यंत्र कानात बसवलं की जिभेला, तेच कळत नाही.

सिल्वी दरवर्षी शहरात तपासणीला जायची, आणि ओन्नीच गाडी चालवायचा. आठव्या वर्षी डॉक्टरांनी बर्फावर लांब पल्ल्याचं स्कीइंग करायला मोकळीक दिली. पहिल्या शर्यतीत ती शेवटून तिसरी आली आणि सगळा दोष उक्कीने पट्ट्यांना लावलेल्या मेणावर ढकलला. डॉ. हॅलोरन निवृत्त झाल्या त्या वर्षी तिने त्यांना स्वतः विचारलं, माझी शीर तुम्ही पाहिली होती का, कशी दिसते? शिवणाच्या दोऱ्याएवढी, बाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी मला ती फार जाड असायला हवी होती असं वाटलं. मग त्यांनी सिल्वीला गाऊन दाखवायला सांगितलं. सिल्वीला वरचे सूर लागत नाहीत, अजूनही. खालचे लागले. बाईंनी चष्मा काढून पुसला.

ओन्नी सत्तरीला बसमधून उतरला, आणि त्याच वर्षी त्याच्या स्वतःच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले. फार काही नाही, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. पण चर्चच्या हॉलमध्ये नर्सने कागद वाचून मान हलवली. या गोळ्या चालू असताना रक्त घेता येणार नाही. एकतीस वेळा झालं होतं. तो बाही खाली करून बाहेर बाकावर येऊन बसला. सिल्वी बरोबर होती, नऊ वर्षांची. नेहमीसारखी त्याचा हात धरायला आली होती.

"चौदा झाले की तुझे," ती म्हणाली. "दोनदा झाले."

"त्याचा काय संबंध," ओन्नी म्हणाला. "ते काय फेडायचं होतं थोडंच? मला द्यायला आवडत होतं."

त्या ऑगस्टमध्ये दोघांनी थिंबलबेरी तोडल्या. रास्पबेरीची ही रानातली बहीण. इतकी मऊ की बोटांत विरघळते, म्हणून बाजारात मिळत नाही. काट्याकुट्यातून, अस्वलाच्या आधी पोचून, एकेक तोडावी लागते. सकाळभर राबलं तर बादलीचं बूड झाकतं. ओन्नी आठ सकाळी गेला. सिल्वी गाणं म्हणत पुढे चालायची, अस्वलाला कळावं म्हणून, आणि ओन्नी मागून म्हणायचा, जरा हळू, अस्वल बहिरं नाही. जनेलने जॅम शिजवला. चौदा छोट्या बाटल्या झाल्या आणि चमच्याला लागलेलं उरलं, ते सिल्वीने चाटलं.

सप्टेंबरच्या रक्तदानाला त्यांनी बाटल्या नेऊन बिस्किटांच्या टेबलावर मांडल्या. आउने आता ऐंशीच्या पुढे गेली होती. किटली तिला उचलवत नव्हती, पण खुर्ची तिने सोडली नव्हती. पहिला आला तो पंपावरचा माणूस, दंडावर पट्टी बांधलेला. त्याने बाटली उचलून पाहिली आणि विचारलं, हे कशाबद्दल?

ओन्नीने तोंड उघडलं आणि त्याला शब्द सापडेनात. सत्तर वर्षांची सवय ती. तेव्हा सिल्वीने आपली खुर्ची पुढे ओढली.

"मी नऊ दिवसांची होते तेव्हा चौदा लोकांनी मला रक्त दिलं," ती आपल्या घोगऱ्या आवाजात म्हणाली. "ते कोण होते आम्हाला माहीत नाही. तुम्ही नसालच बहुतेक. पण असूही शकता, म्हणून घेऊन जा."

माणूस बाटली हातात धरून उभा राहिला. मग म्हणाला की तो नऊ-दहा वर्षांपूर्वी देतच नव्हता, आत्ता दोन वर्षांपासून देतोय. सिल्वी म्हणाली, हरकत नाही, कोणीतरी दुसरं नऊ दिवसांचं असेल. त्याने बाटली कोटाच्या खिशात घातली.

असं तिने चौदा वेळा सांगितलं. प्रत्येक वेळी थोडं वेगळं. पाचव्या बाईला छातीवरची रेघही दाखवली, गळ्याशी दिसते तेवढी. अकराव्या वेळेपर्यंत आवाज दमून बसला, तेव्हा आउनेने तिला कोमट पाणी दिलं आणि ती ते घटाघटा प्यायली. पातळ पाणी, सरळ वाटेने. ओन्नी भिंतीला टेकून बसला होता. हॉलमध्ये खुर्च्या सरकत होत्या, किटली फुसफुसत होती, कोणीतरी मासेमारीच्या थापा मारत होतं, आणि या सगळ्यातून त्याला नातीचा प्रत्येक शब्द ऐकू येत होता. त्याने लेम्पीची आठवण काढली, डॉ. हॅलोरनची काढली, मरीटाची, जॅकची, विमानाच्या त्या वैमानिकाची, ज्याचा चेहराही त्याने पाहिला नव्हता. यादी लांबत गेली. तो चर्चला फारसा जाणारा नव्हता, पण चर्चच्या हॉलमध्ये बसून एवढं केलं तर चालत असावं, असं त्याला वाटलं.

पंधरावा आला तो नव्याने गावात आलेला शिक्षक. टेबल रिकामं होतं. सिल्वीने त्याला दोन बिस्किटं दिली आणि पुढच्या वर्षी लवकर यायला सांगितलं.